पहिला फेरा हाताने

संगणकाच्या पडद्यावर वाऱ्याचं रंगीत चित्र नीट उमटलं की आम्ही मुलं हुश्श करायचो, आणि फर्नांडिस सर नेमका तेव्हाच खोलीतला पंखा बंद करायचे. खिडकीकडे बोट दाखवून म्हणायचे, "हो खरो वारो. तुमच्या संगणकातलो ह्येका वळखता काय, तां बगा." मला त्यांचा भयंकर राग यायचा. कट्टा गावाजवळच्या आमच्या कॉलेजात उकाडा काही कमी नसायचा.

शेवटच्या वर्षी मी उभ्या आसाची पवनचक्की प्रकल्पाला घेतली. वारा कुठूनही आला तरी फिरणारी, म्हणून किनाऱ्याला सोयीची. संगणकावर तिने झकास वीज दिली. मी हरखून खरी चक्की बनवली आणि मालवणला सरांच्या गच्चीवर बसवली. अंगणातल्या क्रुसापुढचा दिवा तिच्यावर लागणार होता. दुपारी खारा वारा सुटला, माडाच्या झावळ्या हलायला लागल्या, पण चक्की ढिम्म! सरांनी पात्याला हाताने एक फेरा दिला, तेव्हा कुठे ती भिरभिरायला लागली.

"संगणकात तू तिका पयलीच फिरती ठेवलंलंस मा गो?" त्यांनी विचारलं.

ठेवली होती. थांबलेली चक्की आपणहून सुरू होईल का, हे मी तपासलंच नव्हतं. परीक्षा दोन दिवसांवर आली होती. फिरत्या चक्कीचा व्हिडिओ दाखवून मोकळं व्हावं, असं माझ्या मनात आलं. सर म्हणाले, "दाखय. पण हातान ढकलली, तां पयल्या पानार लिही." मी तोंड पाडून लिहिलं. गुण गेले ते गेलेच. पुढे पुण्याच्या मुलाखतीत मात्र त्याच एका ओळीवर तासभर बोलणं झालं आणि मला नोकरी मिळाली. हे सरांना सांगितलं की ते विषय बदलायचे. "ती आपणहून कदी फिरतली? तू कदी येतलंस?"

पुण्यात मी सगळं गणित थांबलेल्या चक्कीपासून पुन्हा मांडलं, पात्यांचा आकार बदलला. पडद्यावर ती आपली आपण सुरू झाली तेव्हा पहिला फोन सरांना केला. "हंयसर आणून लाव मगे," ते म्हणाले. दिवाळीत येते म्हटलं, मग मे महिन्यात. रजा मिळत नाही, असं सांगत दोन वर्षं काढली. आणि सर गेले.

नवी पाती गाडीत घालून मालवणला पोचले, तेव्हा सरांच्या पत्नी, रोझीआंटी, गच्चीवर होत्या. म्हणाल्या, "रोज दोपारी ते वर येवन तिका फिरवन जायत. आता मी येतंय." मी त्यांना नव्या पात्यांचं सांगितलं. आता हात लावावा लागणार नाही, म्हटलं. त्या पात्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"नको गो बाय. आपणच फिरूक लागली तर मी वर कित्याक येव?"

पाती तशीच परत आणली. सरांना चक्की आपणहून फिरताना बघायची होती. मला रजा मिळत नव्हती असं नाही. मी ती कधी मागितलीच नव्हती.