हडपसर ते कसबा पेठ, मेमेलच्या नोटेमागे

शनिवार, जानेवारीचा दुसरा आठवडा. हजर: मी आणि माझे यजमान सुहास. सोबत चिमटा, भिंग, कागदी पाकिटं, पाण्याची बाटली.

निघायच्या तयारीत असतानाच कसबा पेठेतल्या निर्मलाताईंचा फोन आला. त्यांचे यजमान माझ्यासारखेच जुन्या नोटा जमवायचे. गेल्या वर्षी ते गेले; त्यांच्याकडची एक नोट आणायलाच आम्ही निघालो होतो. "या सावकाश," ताई म्हणाल्या. "तोवर तुमच्या त्या नोटेला लॅमिनेशन करून आणते. हात लावला तरी कोपरा तुटेल असं वाटतं हो."

मी 'नको' म्हणेपर्यंत फोन बंद. पुन्हा लावला, तर उचलेनात.

आधार कार्डापासून गुणपत्रिकेपर्यंत आपण सगळंच लॅमिनेट करतो. पण तापलेलं प्लास्टिक जुन्या कागदाला चिकटलं की सुटत नाही. संग्राहकाच्या दृष्टीने नोट संपते. आणि ही नोट मेमेलची. पहिल्या महायुद्धानंतर बाल्टिक समुद्राकाठचा हा चिंचोळा मुलूख जर्मनीपासून तोडला गेला आणि काही काळ मित्रराष्ट्रांच्या वतीने फ्रेंचांनी चालवला. तिथल्या व्यापारी मंडळाने नऊ किमतींच्या नोटा काढल्या. माझ्याकडे आठ आहेत. पंचाहत्तर मार्कांची बारा वर्षं शोधतेय.

हडपसरहून बस लगेच मिळाली, पण फातिमानगरला अडकली. मी फोन लावतच होते.

"तुझ्या फोनने सिग्नल सुटत नाही," सुहास म्हणाले.

स्वारगेटहून मेट्रो धरली. बाहेर पडल्यावर घाईत चुकीच्या बोळात शिरलो ते थेट तांबट आळीत (तांब्याची भांडी घडवणाऱ्यांची गल्ली). हातोड्यांच्या ठोक्यांत स्वतःचा आवाज ऐकू येईना. एका कारागिराला ओरडूनच लॅमिनेशनचं दुकान विचारलं.

"देवळाच्या पुढे झेरॉक्सवाला आहे. पण त्याला घाई करू नका, चिडतो."

मी घाईच केली. "एक बाई जुनी परदेशी नोट घेऊन आल्या होत्या का?"

"रांग मागून आहे."

"अहो, नोट यंत्रात घातली का, तेवढंच सांगा!"

"घातली, काढली, त्या घरीही पोचल्या. आपण जरा लवकर निघायचं."

ताईंनी दार उघडलं. टेबलावर ओल्या नारळाचे पोहे आणि शेजारी चकचकीत प्लास्टिकमध्ये पंचाहत्तर मार्क. मधोमध एक बारीक बुडबुडा.

"ह्यांनी तुमच्यासाठीच बाजूला ठेवली होती. म्हटलं, माझ्या हातून फाटायला नको. घडीसुद्धा मोडली बघा. बरं केलं ना?"

सुहास माझ्याकडे बघत होते.

"फार बरं केलंत," मी म्हणाले. पोहे दुसऱ्यांदा मागून घेतले.

निघताना ताई खुशीत होत्या. "ह्यांचे दोन अल्बम अजून आहेत. परवा, सोमवारी, सगळंच लॅमिनेशनला देते त्या झेरॉक्सवाल्याकडे."

परतीच्या बसमध्ये नोट मांडीवर होती. दारातच बोलायला हवं होतं. पण एकदा 'बरं केलंत' म्हटल्यावर 'आता करू नका' कोणत्या तोंडाने सांगायचं? नोटा जपायच्या कशा, हे मी पाहिजे त्याला तासभर समजावते. तिथे मात्र एक वाक्य निघालं नाही.

आज रविवार, दुपारचे चार. ताईंना अजून फोन केलेला नाही.