बाहीखालचा नायटा

गुरुवारी पहाटे पाच वाजून एकेचाळीस मिनिटांनी डार्लीन वोस तालमीच्या गादीवर उताणी पडली होती आणि तिच्या छातीवर शेल्बी क्रॅमर आडवी. शेल्बी सव्वीस वर्षांची, धान्याच्या कोठारावर कामाला, शाळेपासून कुस्ती खेळलेली. डार्लीन सत्तेचाळीसची, वृद्धाश्रमात सेविका, इथे आठ महिन्यांची नवशिकी.

"हात मानेला लाव!" कोच टीगार्डन ओरडले. "हाताचं हाड तिच्या गळ्यात घाल, कंबर सरकव, मग गुडघा आत. झोपलीस काय?"

डार्लीनने हात लावला नाही. शेल्बीच्या कानाखाली तिला नुकतंच एक लाल कडं दिसलं होतं. तसलंच कडं तिच्या स्वतःच्या हातावर होतं, लांब बाहीखाली, पट्टीने झाकलेलं.

"मेलीस का गं म्हातारे?" शेल्बीने विचारलं.

"जिवंत आहे. तू जड आहेस."

"पाच दिवस उकडलेली अंडी खातेय मी. पुन्हा जड म्हणालीस तर चावेन."

शेल्बीला शनिवारच्या स्पर्धेसाठी वजन उतरवायचं होतं. गेली दोन वर्षं ती पहिल्याच फेरीत हरली होती.

गेल्या वर्षी वृद्धाश्रमात एका भ्रमिष्ट म्हाताऱ्या शेतकऱ्याने डार्लीनला पलंग आणि भिंतीच्या मध्ये दाबून धरलं होतं. नऊ मिनिटं. नंतर तिला कुणाच्याही खोलीत एकटीने जाववेना. म्हणून ती ट्रॅक्टरच्या या जुन्या दुकानात भरणाऱ्या तालमीत आली. इथे मंगळवारी कुस्ती, बाकी दिवस ब्राझिलियन जुजुत्सू, जमिनीवर पडून लढायची कला. पहिले तीन महिने ती फक्त खाली राहायला शिकली: श्वास कुठे घ्यायचा, हार मानल्याची थाप कधी द्यायची. आता शेल्बीखालून ती दहातून एकदा सुटते आणि कामावर दारं एकटी उघडते.

नायटा तिला बारा दिवसांपूर्वी दिसला. कामावर तिने त्याच दिवशी सांगितलं. मलम, हातमोजे आणि पूर्ण बाह्या, एवढ्यावर भागलं. इथे नियम वेगळा. सांगितलं तर चौदा दिवस गादी बंद, लपवलं तर कायमची. मार्चमध्ये तापामुळे दहा दिवस बुडाले, तेव्हा ती पुन्हा एका दारापाशी थिजून उभी राहिली होती. तिने पट्टी लावली. मागच्या आठवड्यात सोमवारी शेल्बीशी झुंजताना ती पट्टी घामाने निसटली.

फेरी संपली. शेल्बीने केस वर बांधले आणि कोचना तिची मान दिसली.

"हे काय?"

शेल्बीने चाचपून पाहिलं. "वासराकडून आलं असणार. बाबांच्या गोठ्यात दोघांना आहे. मेली सारखी अंग घासतात."

"शनिवारी दारातच अंग तपासतात. तीन पूर्ण दिवस मलम लावल्याची डॉक्टरची चिठ्ठी लागते." कोचनी बोटांवर दिवस मोजले. "आज गुरुवार आहे, पोरी."

शेल्बी खाली बसली. कुणीतरी म्हणालं, वासरांचा काही नेम नसतो. सगळ्यांनी मान डोलावली. डार्लीन पिशवी उचलून दारापर्यंत गेली, दाराच्या मुठीवर हात ठेवून थोडा वेळ उभी राहिली, मग परत आली.

"कोच, वासरू नाही. मी." तिने बाही वर सारली.

"किती दिवस?"

"बारा."

"म्हणजे मागच्या सोमवारी तुमची जोडी लावली तेव्हाही होता." कोचनी टोपी काढून डोकं खाजवलं. "आणि मी घसा फोडून तुला तिच्या गळ्याला हात लावायला सांगत होतो."

शेल्बी तिच्याकडे बघत होती. "आज नाही लावलास."

"नाही."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"तुझी मान दिसली तेव्हा कळलं."

"मी वासराला शिव्या घातल्या, डार्लीन." इतकंच बोलून ती बूट हातात घेऊन बाहेर गेली. तिची पिकअप सुरू व्हायला बराच वेळ लागला.

"नियम माहीत आहे ना?" कोच म्हणाले.

"आहे."

"दोन दिवस आधी जरी बोलली असतीस—" त्यांनी वाक्य सोडून दिलं. फळ्यावर सकाळच्या वर्गाची नऊ नावं होती. त्यांनी आठवं, डार्लीनचं, नाव बोटाने पुसलं.

उद्याचा वर्ग साडेपाचऐवजी सहाला आहे. त्याआधी कोचना गादी दोनदा जंतुनाशकाने पुसायची आहे.