घेऊन जा गे मारबत

आमच्या सिंदी रेल्वे गावात कॉम्प्युटरला व्हायरस लागला की बाकीचे दुरुस्तीवाले सरळ सगळं पुसून टाकायचे. हा कॉम्प्युटर दुरुस्त करणारा पोरगा मात्र म्हणायचा, "उंदीर शिरला म्हून घर जाळते काय कोणी?" आणि खुर्चीवर मांडी ठोकून बसायचा.

त्या दिवशी आमच्या कॉम्प्युटरमध्ये ताईच्या लग्नाचे फोटो अडकले होते. आई हात जोडून उभी. हा गुणगुणत एकेक नको ते सॉफ्टवेअर उपटत होता. लपलेली फाइल सापडली की खूश! "हा पाहा, इथं दडून बसून राह्यला!"

शेवटची फाइल पुसण्याआधी मात्र त्याने नेहमीसारखं घरातल्या सगळ्यांना दारात उभं केलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावाबाहेर पळसाच्या फांद्या टाकताना, रोगराई घेऊन जाणाऱ्या मारबतीच्या नावानं ओरडतो, तसं ओरडायचं: "इडा पीडा घेऊन जा गे मारबत!" त्याशिवाय तो बटण दाबायचाच नाही. कधी न हसणारे बाबाही ओरडले.

फोटो उघडले. आईने शिरा केला. खुशीत त्याने आम्हाला गाणी द्यायला स्वतःचा पेनड्राइव्ह लावला, आणि स्क्रीनवर व्हायरसची लाल पाटी पुन्हा झळकली.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग तोच आधी खदखदून हसला.

"काकू, या पुन्हा दारात. आता जरा जोरानं ओरडजा, या बारीनं पीडा मीच घेऊन आलो."