भरत आलेला पाय

"एमो बाई," असं म्हणत शेजारच्या वहिनी हाताचा पंजा उलटा करायच्या. एमो म्हणजे तेलुगूत कोण जाणे. पाऊस येईल का, बस लागेल का, वरण शिजलं का, कशालाही त्यांचं उत्तर हेच. तुम्हीही अशा बाया पाहिल्या असतील. त्या काही बोलत नाहीत, आणि आपण समजतो त्यांच्या मनात काही नाहीच.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आलापल्लीला वनखात्याच्या क्वार्टरमध्ये आमची भिंतीला भिंत होती. माझे यजमान रेंज ऑफिसात कारकून, मी शाळेत शिक्षिका. शेजारचे भाऊ वनरक्षक, आणि वहिनी तिकडं तेलुगू मुलखाला लागून असलेल्या सिरोंच्याकडच्या. क्वार्टरची सगळी लाईन चहा पिणारी. यांच्या घरी मात्र माहेरून आणलेला पितळी फिल्टर. सकाळी एकेक पेला कॉफी दोघांची, बस.

मोहफुलांच्या दिवसांत, ती खायला आलेल्या अस्वलानं भाऊंना धरलं. बीटवर, म्हणजे त्यांच्या राखणीच्या जंगलात, एकटेच होते. अस्वल आपणच निघून गेलं, पण उजव्या मांडीचं मांस फाडून गेलं. लोकांनी खाटेवर घालून आणलं. गडचिरोलीच्या दवाखान्यातून ते घरी परतले तेव्हा तो पाय वाळल्या फांदीसारखा झाला होता.

रेंजर साहेबांनी सांगून ठेवलं, पावसाळा सरेपर्यंत पायात जोर आला तर बीट, नाहीतर लाकडाच्या डेपोत बसून काम. डेपोचं नाव काढलेलं भाऊंना खपत नसे.

"तिथी सारे मेलेले झाडं रायतेत बाई. मले जित्या झाडात राह्याची सवय हाय."

पायाला वीट बांधून ते पाय उचलायचे. ओसरीचा खांब धरून बैठका काढायचे. ओरडू नये म्हणून दुपट्टा दातात धरायचे. भिंतीपलीकडून त्यांचा कोंडलेला श्वास ऐकू यायचा आणि माझा घास हातातच राहायचा.

वहिनी दारात उभ्या राहून बघायच्या. बैठका संपल्या की कॉफी. दुपारी पुन्हा. दिवेलागणीला आणखी एक पेला, काळाकुट्ट. "घ्या, थकले असाल." भाऊ मुकाट्यानं प्यायचे. लाईनीतल्या बाया म्हणायच्या, नवऱ्याचं करावं तर असं.

मीही एकदा म्हटलं, "वहिनी, किती करता हो त्यांचं!"

त्या फिल्टर घासत होत्या. हात थांबला. हळू आवाजात म्हणाल्या, "कंपाउंडर म्हणे, कॉफी जास्त पेल्ली त अंगाले मांस धरत नाई."

"अहो, मग देता कशाला?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. पंजा उलटा झाला नाही.

"म्हणूनच," त्या म्हणाल्या.

मला कळायला क्षण लागला. कंपाउंडरचं खरं की खोटं, मला ठाऊक नव्हतं. भिंतीपलीकडं एक माणूस दातात दुपट्टा धरून पाय भरू पाहत होता, आणि त्याच घरात चुलीपाशी त्याची बायको तो भरू नये म्हणून झटत होती. मी कोणाला काय सांगणार होते?

पाय भरत गेला. मांडीवर गोळा दिसू लागला, भाऊ खांब सोडून बसू-उठू लागले. तसतसा वहिनींचा चेहरा उतरत गेला आणि कॉफी अधिक काळी होत गेली.

तपासणीला गडचिरोलीला जायचं होतं. वहिनी म्हणाल्या, "बाई, तुमी चाला ना संगं. डॉक्टरचं बोलणं मले उमजत नाई." बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या.

डॉक्टरांनी मांडी दाबून पाहिली. बैठका काढायला लावल्या. भाऊंनी कशालाही न धरता काढल्या. "उत्तम! जंगलात जायला हरकत नाही," डॉक्टर म्हणाले.

तेव्हा वहिनी एकदम पुढं झाल्या. "पण डॉक्टर, कॉफीनं मांस धरत नाई ना? हे लई कॉफी पेतेत. आतून कच्चा असंल पाय."

डॉक्टर हसले. "कोणी सांगितलं? कॉफीनं मांस भरायचं थांबत नाही. फार झाली तर झोप उडते, जेवण मरतं. पोटभर जेवतात ना, झोपतात ना? मग झालं."

भाऊ मात्र हसले नाहीत. ते वहिनींकडं बघत राहिले. वाढत गेलेले पेले त्यांना आठवले असावेत.

बसस्टँडच्या बाकावर त्यांनी विचारलं, "माहा पाय भरू नाई म्हणून पाजत होती?"

"हो."

"काऊन?"

वहिनींचा आवाज फाटला. "खाटेवर घालून आणलं तवा तुमचे डोळे मिटले होते. माहे उघडे होते."

भाऊंनी पाय पुढं लांब केला आणि बस येईपर्यंत त्याच्याकडंच बघत बसले.

पुढचे काही दिवस भिंतीपलीकडं भांडण झालं नाही, बोलणंही झालं नाही. तेच जास्त भीतीचं वाटायचं. भाऊंना बीट परत मिळाली, आणि राहायला आतल्या नाक्यावरची चौकी. सामान न्यायला ट्रॅक्टर आला. भाऊंनी आपली एक पेटी टाकली. मागून वहिनी गादी, भांडी, तांदळाचं पोतं घेऊन निघाल्या.

"तू कुठी?" भाऊ म्हणाले. "तिथी बाईमाणसाचं काम नाई."

"तुमाले डेपो नोको, मले हे क्वार्टर नोको," असं म्हणून त्या ट्रॅक्टरवर चढून बसल्या. भाऊंनी डोक्याला हात लावला. मग पोतं नीट सरकवून त्यांना टेकायला जागा करून दिली.

त्यानंतर आमची बदली होईपर्यंत मला त्या एकदाच दिसल्या. पुन्हा मोहफुलांचे दिवस आले होते. मतदानाच्या कामासाठी आमची जीप आत चालली होती, नाक्याच्या पुढं चढावर इंजिन तापलं म्हणून थांबली. उतरले तर झाडांतून डबा बडवल्याचा आवाज. पायवाटेनं वहिनी पुढं चालल्या होत्या, काठीनं रॉकेलचा रिकामा डबा बडवत. घसा ताणून तेलुगूतून अस्वलाच्या सात पिढ्यांना शिव्या देत होत्या. लाईनीत ज्यांचा आवाज कधी ओट्याबाहेर गेला नाही, त्या. मागं भाऊ, किंचित लंगडत, मान खाली घालून हसत.

मी हाक मारली. त्या आवाजात त्यांना ऐकू गेली नाही. दोघं सागाच्या दाट भागात शिरले आणि दिसेनासे झाले. जीप सुरू होईपर्यंत मी रस्त्यावर उभी होते. डबा दूर दूर जात वाजत होता आणि रानातली सगळी पाखरं उडत होती.