अंगणातला पूल

“टाकीले पायऱ्या काऊन, भाऊ?” मागच्या अंगणातल्या खड्ड्यापाशी उभे राहून नगरपरिषदेचे इंजिनिअर बाबांना विचारत होते आणि मी दाराआडून ऐकत होते. अजूनही क्लोरीनचा वास आला की मला आमचं घुग्घुसचं ते अंगण आठवतं, नव्या निळ्या टाइल्सवर बसलेली कोळशाची काळी भुकटी आठवते. स्विमिंग पूलला वेगळी परवानगी लागते, म्हणून बाबांनी नकाशात पाण्याची टाकी दाखवली होती. “साफ करायले उतरा लागते ना, साहेब!” “अन् टाइल्स? टाकीचं लगन लावून राह्यले का?” बाबा हसले नाहीत. मी मोठी झाले तसं त्यांनी माझं शहरातल्या पूलवर जाणं बंद केलं होतं, आणि त्याच्या बदल्यात उंच भिंतीआड हा पूल फक्त माझ्यासाठी बांधत होते. त्या भिंतीवरून सिमेंट कारखान्याच्या धुराशिवाय काहीच दिसत नसे. “पोरीले विचारा, परवानगीचे नियम तिनंच वाचले,” म्हणत त्यांनी मला बाहेर बोलावलं. त्यांचे डोळे मला विनवत होते. टाकी म्हटलं असतं, तर मी कायमची त्या भिंतीआत राहिले असते. “पूल आहे, सर,” मी म्हणाले, “आणि बाबा, मला तो नको. मला सगळ्यांसोबत पोहायचंय.”