मनगटावरून काढलेली दोरी

चालू मोटरसायकल पाय न टेकता जागच्या जागी उभी ठेवता येते, हे मी वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा पाहिलं. कळंबोलीच्या लोखंड बाजारात मी वजनकाट्यावर नोकरी करतो. दिवसभर ट्रेलर काट्यावर चढतात, थांबतात, मी आकडा नोंदवतो, ते उतरतात. मग एका रविवारी रोडपालीतल्या आमच्या इमारतीतला एक शेजारी मला एका बंद पडलेल्या दगडखाणीत घेऊन गेला. तिथे छातीएवढ्या उंच दगडाच्या माथ्यावर एक माणूस गाडीसकट उभा होता. गाडीला सीटच नव्हती. इंजिन हळू आवाजात चालू होतं, चाकं हलत नव्हती, आणि तो माणूस घार वाऱ्यावर थांबते तसा थांबला होता. मग त्याने गुडघे वाकवले, गाडीने जागेवरून उडी घेतली आणि ती शेजारच्या दगडावर जाऊन बसली. मी घरी आलो तेव्हा बायको म्हणाली, "असं काय पाहून आलात?" मला नीट सांगता आलं नाही.

त्यानंतर मी दर रविवारी जाऊ लागलो. या प्रकाराला ट्रायल्स म्हणतात. वेगाचं यात काही काम नाही. दगड, उतार, झाडांची मुळं यांवरून गाडी उभ्याने, पाय न टेकता न्यायची. पाय टेकला की गुण जातो. आमच्या खाणीत कुणाचा पाय टेकला की सगळे एका आवाजात ओरडायचे, "टेकला!" भल्याभल्यांची त्यातून सुटका नव्हती.

खरी परदेशी ट्रायल्स गाडी आमच्यात एकाकडेच होती. तो पनवेलजवळच्या गावातला, जमीनदार घरचा, आता इमारती बांधतो, म्हणून सगळे त्याला बिल्डरच म्हणायचे. बाकी आम्ही सगळे जुन्या शंभर सीसीच्या गाड्या कापून कामचलाऊ गाड्या बनवायचो. सीट काढायची, मडगार्ड कापायचं, चेनचं पुढचं दातेरी चाक, म्हणजे स्प्रॉकेट, लहान आणि मागचं मोठं बसवायचं, म्हणजे गाडी पहिल्या गिअरमध्ये माणसाच्या चालीने चालते. टायरमधली बरीचशी हवा सोडून द्यायची, म्हणजे रबर दगडावर पालीसारखं चिकटतं. चेनवरचं झाकण चिखल अडकतो म्हणून काढून टाकायचं. शेवटची ही गोष्ट लक्षात ठेवावी लागेल.

आणि दोरी. हाताच्या लांबीची एक गुंडाळीदार दोरी असते. एक टोक मनगटाला बांधायचं. दुसऱ्या टोकाला लोहचुंबकाची चकती, ती हँडलवरच्या बटणावर बसते. माणूस गाडीवरून पडला की दोरी ओढली जाते, चकती निघते, इंजिन त्याच क्षणी बंद होतं. इतकी साधी वस्तू.

आमच्यात ती दोरी फक्त नवखे बांधायचे. असा नियम कुणी केला नव्हता, पायंडा पडला होता. जुने लोक चकती बटणावर बसवून दोरी हँडलला गुंडाळून टाकायचे. मनगटाला दोरी दिसली की बिल्डर ओरडायचा, "अरे, अजून नाळ कापली नाय काय?" पहिलं वर्षभर मीही ते ऐकून घेतलं. ज्या दिवशी त्याने स्वतः माझ्या मनगटावरची दोरी सोडली आणि माझ्याच हँडलला गुंडाळली, त्याच्या पुढच्या रविवारी मी सगळ्यांसाठी वडे घेऊन गेलो. मी खोटं कशाला सांगू? मुलगी पास झाली तेव्हा वाटला होता तेवढा आनंद मला त्या दिवशी झाला होता.

खाणीतल्या माझ्या पाचव्या वर्षी ती आली.

उरणकडच्या कोळी घरातली, चाळिशीची बाई. द्रोणागिरीच्या एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवायची. फोनवर कुणाचा तरी व्हिडिओ पाहून तिने दिराच्या गॅरेजमध्ये स्वतः गाडी कापली होती, आणि सांगायला हवं की माझ्यापेक्षा नीट कापली होती. वेल्डिंगचे कोपरे घासून गुळगुळीत केलेले. पहिल्या रविवारी तिने विचारलं, "दादा, हिला उभी कशी ठेवायची?" मी सांगितलं, नजर चाकाकडे नको, लांब ठेवा, हँडल एका बाजूला वळवून धरा. तिने पाय उचलले. आणि ती उभी राहिली. मी मनात दहापर्यंत मोजलं, वीसपर्यंत मोजलं. खाणीतले बाकीचे आपापल्या गाड्या सोडून जवळ आले. मला हेच जमायला सात महिने लागले होते.

"शिकलात कुठे?" मी विचारलं.

"शिकलू कुठं? लहानपनापास्ना होडीत उभी ऱ्हाते मी. पानी काय गप बसतं का, दादा?"

बिल्डर म्हणाला, "ताई, होडीला ब्रेक नसतो, इथे असतो. तेवढा दाबा म्हणजे झालं." ती मोकळेपणाने हसली.

पण तिच्या मनगटाला दोरी होती. ती तिने ऑनलाइन मागवलेली, लाल रंगाची, दुरून दिसायची. दोन रविवार "नाळ, नाळ" चाललं. ती हसून सोडून द्यायची, पण तिसऱ्या रविवारी हसली नाही. त्या दिवशी तिने खाणीतल्या सगळ्यात मोठ्या दगडाकडे बोट दाखवलं. हा दगड चढायला मला दोन वर्षं लागली होती. मागून कुणीतरी म्हणालं, "नाळेसकट चढणार?"

मी पुढे झालो. तिच्या मनगटावरची दोरी मी सोडली, तिच्या हँडलला दोन वेढे देऊन गुंडाळली आणि म्हणालो, "झालं. आता तुम्ही आमच्यातल्या." लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिचा चेहरा उजळला. तिच्यावर उपकार करतोय असंच मला वाटत होतं. नंतर अनेकदा मी स्वतःला विचारलं, यात मत्सर होता का? आपलीही वेळ आली, आता आपण कुणाची तरी दोरी सोडणार, हा तोरा नक्की होता. आणि ती अर्ध्यावर पाय टेकेल, अशी माझी खात्री होती.

ती चढली. पुढचं चाक दगडाला लागलं, क्षणभर थांबलं, मग तिने अंगाचा भार असा काही मागून पुढे नेला की गाडी स्वतःच्या इच्छेने वर गेल्यासारखी वाटली. माथ्यावर ती थांबली. तिच्यामागे नुसतं आभाळ होतं. आम्ही बारा-तेरा माणसं खाली माना वर करून उभे होतो. देवळावर कळस चढताना बघावा तसं मी ते पाहिलं.

दगडाखाली एक जण हात वर करून उभा राहतो, गाडी मागे आली तर धरायला. त्या दिवशी तो मी होतो. आणि मी टाळ्या वाजवत होतो.

पलीकडच्या बाजूने उतरताना तिचं पुढचं चाक घसरलं. ती उजव्या कुशीवर पडली, गाडी तिच्या पायावर. इंजिन चालूच राहिलं. मागचं चाक हवेत गरगरत होतं. तिने गाडी ढकलायला डावा हात लावला आणि हातमोजा चेनमध्ये गेला. मला दगडाला वळसा घालून तिच्यापर्यंत पोहोचायला सहा-सात पावलं लागली असतील. चकती मीच खेचून काढली, तेव्हा इंजिन बंद झालं. दोरी हँडलला तशीच गुंडाळलेली होती.

डाव्या हाताची तर्जनी दुसऱ्या पेरापासून गेली. ट्रायल्समध्ये क्लच याच एका बोटाने धरतात.

पनवेलच्या दवाखान्यात तिचा नवरा आला. बोटीवरून थेट, अंगावर तसेच कपडे. त्याने मला विचारलं, "ती दोरी असते ना, ती व्हती ना बांधलेली? घरी तर ती दोरी बांधल्याबिगर गाडीला किकसुद्धा मारत नाय."

तिचा पलंग चार हातांवर होता. डोळे मिटलेले. मी म्हणालो, "घाईत बांधायची राहिली असेल."

तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा मिटले.

हे वाक्य मी पुढे कितीतरी दिवस कुणाला सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. अपघात अपघात असतो असं म्हणून मी स्वतःला कदाचित समजावलं असतं. पण ते वाक्य मी शुद्धीत असताना, बसलेला असताना, हातात चहाचा ग्लास असताना बोललो.

त्या वाक्याचं पुढे काय झालं ते मला चार महिन्यांनी कळलं. लोखंड बाजारात द्रोणागिरीचा माल घेऊन येणारा एक ट्रेलरवाला तिच्या शेजारचा निघाला. तो म्हणाला, ती हाताने बरी आहे, पण नवऱ्याने गाडीला साखळी घातली आहे. म्हणतो, जी बाई दोरी बांधायची विसरते तिने गाडीवर चढू नये. गोदामातही कुणीतरी हेच बोललं, आणि तिला फोर्कलिफ्टवरून काढून मोजणीच्या टेबलावर बसवलं. "आता तिला सगले विसराली म्हनतात," तो हसत म्हणाला आणि काट्यावरून ट्रेलर काढला. त्या दिवशी मी तीन गाड्यांचं वजन चुकीचं नोंदवलं.

तरी जायला मला आणखी दोन आठवडे लागले.

तिचं घर खाडीजवळ होतं. ओट्यावर जाळं पसरलेलं, नवरा ते विणत बसलेला. ती आतून पाणी घेऊन आली. मी पाण्याला हात लावला नाही. उभ्यानेच बोललो, "दोरी त्या विसरल्या नव्हत्या. बांधलेली होती. मी सोडली. सगळ्यांसमोर. आणि दवाखान्यात तुमच्याशी खोटं बोललो."

नवऱ्याच्या हातातली सुई थांबली. मला वाटलं उठून मारेल, आणि मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं, हेही कबूल करतो. तो तिच्याकडे वळला. "आनि तू चार महिनं गप?"

"मंग काय करू?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "यो मानूस पाच वर्सं गाडी चालवतो. मी तीन रविवारची. मी सांगितला असता त तुमी तरी मानला असता का?"

नवऱ्याने सुई खाली ठेवली. त्याने मानलं नसतं. मीही मानलं नसतं. खाणीत एखादा नवखा म्हणाला असता की जुन्याने माझी दोरी सोडली, तर आम्ही हसलो असतो.

"आनि तुमी," ती मला म्हणाली, "लय वेल लावलात." तेवढंच. माफ केलं असं ती म्हणाली नाही आणि मी माफी मागितलीही नाही. तिच्या गोदामाच्या साहेबांना मी त्याच दिवशी जाऊन भेटलो, घडलं ते सगळं सांगितलं, मग कागदावर लिहून खाली सही केली. त्याचा उपयोग व्हायला वेळ लागला, पण ती फोर्कलिफ्टवर परत गेली.

खाणीतल्यांना सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. गेलं नाही. बिल्डर म्हणाला, "अरे, तू काय मुद्दाम केलंस का? आपण सगळ्यांचीच सोडतो." "म्हणूनच सांगतोय," मी म्हणालो. त्या दिवशी लोक लवकर घरी गेले.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी ती परत आली. सोबत नवरा. मनगटाला लाल दोरी. क्लचची दांडी तिने आत वाकवून, थोडी लांबवून घेतली होती, मधल्या बोटाला पोहोचेल अशी. तिने कुणाला नमस्कार-चमत्कार केला नाही. सरळ मोठ्या दगडाभोवती एक फेरी मारली, चढायची वाट पायाने चाचपून पाहिली आणि धरायला नवऱ्याला उभं केलं. मी आपणहून मागे सरकलो.

तिचं पहिलं चढणं पाहिलं तेव्हा मला तो चमत्कार वाटला होता. या वेळी सगळं दिसत होतं. मधलं बोट नवखं होतं, क्लच झटक्याने सुटत होता, आणि ते झटके ती गुडघ्यांत, कमरेत जिरवत होती. एका बोटाची उणीव अख्ख्या अंगाने भरून काढताना माणूस किती मोठा दिसतो! पुढचं चाक चढलं, मागचं दगडाला लागलं, गाडी थरथरली, आणि तिचा डावा पाय खाली आला.

टेकला. सगळ्यांनी पाहिलं. कुणी ओरडलं नाही.

तिने ब्रेक दाबून गाडी धरली आणि वळून आमच्याकडे पाहिलं. "काय झाला? आवाज गेला काय सगल्यांचा? टेकला ना पाय?"

मग दगडाखालून तिचा नवराच जोरात ओरडला, "टेकला!" आणि एकदम हशा पिकला. बिल्डर ओरडला, मागून चार-पाच जण ओरडले. ती मात्र हसली नाही. तिची नजर माझ्यावर होती.

"दादा, तुमचा नाय आला."

"टेकला," मी म्हणालो.

"मोठ्यानं."

मी ओरडलो. खाणीच्या कडेवरून दोन कावळे उडाले इतक्या मोठ्याने. तिने मान हलवली, गाडी मागे घेत खाली उतरवली आणि दुसऱ्यांदा दगडाकडे वळवली.