श्रमदानाचे खांब

आमच्या टेलिफोन कंपनीनं आपला इतिहास छापलाय. गुळगुळीत कागद, जाड पुठ्ठा, शिरूरच्या ऑफिसात शाल-नारळ देऊन प्रकाशन. माझी सगळी नोकरी त्याच कंपनीत तारा जोडण्यात गेली, म्हणून मलाही आठवणी लिहून मागितल्या. मी आईच्या लिहिल्या.

मांडवगणची लाइन ओढली तेव्हा खांबांचे खड्डे आईनं आणि आमच्या बौद्धवस्तीतल्या बायकांनी रोजंदारीवर खणले. खड्डा अरुंद आणि खोल. पहारीनं मुरूम फोडायचा, मग पालथं पडून, खांद्यापर्यंत हात आत घालून पत्र्याच्या डब्यानं उपसायचा. खांब गावभर गेले, बागायतदारांच्या मळ्यांत गेले आणि आमच्या वस्तीच्या अलीकडं थांबले. वस्तीत फोन घेणार कोण, कंपनीवाले म्हणाले.

पुढं वडील दौंडला कामावर असताना दवाखान्यात पडले. फोन आला तो एका मळ्यात. मळेवाल्यांनी निरोप दिला दुसऱ्या दिवशी, सवडीनं. आई पोचली तोवर सगळं संपलं होतं.

दुसरं काय बी लिहू नको, आई मला म्हणाली होती. तार वस्तीवर का आली न्हाई, एवढं कागदावर येऊ दे.

पुस्तक हातात आलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. 'ग्रामस्थांनी उत्स्फूर्त श्रमदानातून खांब उभारले.' मी लिहून दिलेल्यातलं एक अक्षर नाही. शेजारी फोटो. हार घातलेला खांब, फेटेवाले पुढारी, फुटलेला नारळ. त्यातल्या एकानं तरी पहारीला हात लावला असेल तर शपथ! पुस्तक काढणाऱ्या साहेबांना फोन लावला. जागा कमी पडली म्हणाले, आणि जुन्या गोष्टी कशाला उकरायच्या? वा रे वा! उकरायला आमची आई चालली होती की.

घरी आई म्हणाली, वाच. तिला अक्षरओळख नाही. चार खोटी वाक्यं घुसडली असती तर तिला कळलंही नसतं. पण जीभ रेटेना. होतं तसं वाचलं.

तिनं फोटोतल्या खांबावर बोट ठेवलं. मग पुस्तक माझ्याकडं सरकवलं.

"नेऊन दे त्यांचं त्यांला. म्हणावं, दान न्हाई केलं आम्ही. आन् तुझा बाप बी दान दिला न्हाई."